रोजचे दोन कप

साथ आली तेव्हा सगळ्या गावानं नाकं झाकली. एकट्या नाकवालीला मात्र नाक उघडं ठेवायचा हुकूम होता.

डेअरीत तिचं कामच ते. सकाळ-संध्याकाळ आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून दुधाची कॅन यायची आणि लोखंडी रुळांवरून घरंगळत एकेक करून तिच्यापुढे थांबायची. ती झाकण उचलायची, कॅनच्या तोंडाशी वाकून एक लांब श्वास घ्यायची आणि म्हणायची, "घे." नाहीतर, "परत." बस्स, दोनच शब्द. फॅट मोजायला यंत्र होतं, पाणी पकडायला काचेची नळी होती, पण दूध आंबायच्या वाटेला लागलंय हे यंत्राच्या आधी तिच्या नाकाला कळायचं. एक आंबलेलं कॅन आत गेलं की अख्खी टाकी नासते. बारा वर्षांत तिच्या हातून तसं एकदाही झालं नव्हतं. गाईनं रानात काय खाल्लंय, कॅन कुणी नुसतंच विसळून आणलंय, हे ती डोळे मिटून सांगायची. तोरा होता तिला नाकाचा, आणि का नसावा?

साथीच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र ती तो तोरा खुंटीला टांगून सुपरवायझरच्या टेबलापुढे उभी राहिली.

"साहेब, मला कॅन धुवायला घाला. घरात लेकरू आजारी आहे. हृदयाला भोक आहे तिच्या. इथं दिवसाला शंभर माणसं माझ्या तोंडासमोर येऊन उभी राहतात."

सुपरवायझरनं एकावर एक असे दोन मास्क लावले होते. त्यामुळे तो हसला की नाही कळलं नाही, पण बाकीचे हसले. कारण तो म्हणाला, "नाक झाकून वास घ्यायची काही युक्ती असली तर सांगा बाई, आम्ही पण शिकू. तुम्हाला पगार नाकाचा आहे, हाताचा नाही."

"पण साहेब—"

"आणि कार्डाचं लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं! त्या कार्डापायीच तर सगळं चाललं होतं. पोरीचं ऑपरेशन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डेअरीच्या विम्याच्या कार्डावर व्हायचं होतं, आणि कार्ड चालू राहायचं ते आईच्या हजेरीवर. हजेरी तुटली की कार्ड बंद. ती वळली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि पुढचं झाकण उचललं.

पोरीला घरात सगळे छटाक म्हणायचे. जन्मली तीच एवढीशी, की सुईणीनं उचलताना म्हटलं, ही काय छटाकभर पोर! तेच चिकटलं. आता आठ महिन्यांची झाली होती, पण अजून दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल अशी. दूध पिताना धापा टाकायची. चार घोट घेतले की दमायची, कपाळावर घाम यायचा. जोरात रडली तर ओठ जांभळे पडायचे, म्हणून तिला रडू द्यायचं नाही. डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. वजन सहा किलो झालं की लगेच तारीख देतो. आणि तोवर हिला साधी सर्दीसुद्धा झाली तर हातची जाईल.

"हातची जाईल" हे शब्द नाकवालीच्या छातीत खिळ्यासारखे बसले होते. नवरा डेअरीचीच गाडी चालवायचा. रोज अठरा वस्त्या फिरून कॅन गोळा करायचा, अठरा वस्त्यांची हवा अंगावर घेऊन यायचा. तिनं त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तुम्ही घरात पाऊल टाकायचं नाही."

"मग मी राहू कुठं?"

"कडब्याच्या शेडमध्ये."

"बरं," तो म्हणाला. गरीब स्वभावाचा माणूस. तेव्हापासून दोन महिने तो शेडमध्ये खाट टाकून राहत होता. दिवसातून दोनदा खिडकीच्या गजाबाहेर उभा राहून पोरीला वाकुल्या दाखवायचा. पोरीला वाटायला लागलं असणार की बाप नावाची वस्तू ही खिडकीतच असते.

ती स्वतः कामावरून आली की अंगणातल्या नळाखाली डोक्यावरून अंघोळ करायची, कपडे उकळत्या पाण्यात बुडवायची आणि मगच आत यायची. पण ती कामावर गेल्यावर पोरीला सांभाळायचं कुणी? असं माणूस हवं होतं जे तीन महिने फाटकाबाहेर पडणार नाही, कुणाला भेटणार नाही, आणि तरीही वेडं होणार नाही. शोधून शोधून नाकी नऊ आले. कुणाला स्वतःची पोरं, कुणाला शेत, कुणाला नुसतीच भीती.

शेवटी आली ती नवऱ्याची आत्या. साठीच्या पुढची, काटक, बोलायला फटकळ. मुलाच्या घरी राहायची. निरोप मिळाला तशी गाठोडं घेऊन दारात हजर.

"मुलगा म्हणाला, एकदा तिकडं गेलीस तर साथ संपेपर्यंत परत येऊ नकोस," तिनं चपला काढता काढता सांगितलं. "म्हटलं, बरं झालं, सुटले तुझ्या तावडीतून."

आत्याला तपकिरीची सवय होती. चाळीस वर्षांची. चपट्या पत्र्याच्या डबीतून चिमूट घ्यायची, नाकात ओढायची आणि सुखानं डोळे मिटायची. नाकवालीनं पहिल्याच दिवशी हात पुढं केला.

"आत्या, हे चालायचं नाही. पोरगी शिंकली तरी माझा जीव जातो."

आत्यानं डबीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग अंगणात जाऊन डबी उपडी केली, फुंकून साफ केली आणि रिकामी डबी परत कनवटीला लावली. "रिकामी ठेवू दे. कधी तल्लफ आलीच तर नुसती हुंगेन. पत्र्याला लागलेला वास काही तुझ्या लेकीला चावत नाही."

काय सांगावं, त्या बाईच्या हाताला काय होतं! जी पोरगी आईच्या हातून दोन चमचे दूध प्यायला अर्धा तास लावायची, ती आत्याच्या मांडीवर वाटीभर दूध संपवायला लागली. आत्या घाई करायची नाही. चार घोट पाजायचे, खांद्यावर घ्यायचं, पाठीवरून हात फिरवत काहीबाही बडबडायचं, पुन्हा चार घोट. दिवसभर हेच. रविवारी सकाळी अंगणात पोरीला चादरीच्या झोळीत घालून काट्याला लटकवायचे, आणि नवरा शेडच्या दारातून ओरडायचा, "किती?"

पाच दोनशे. पाच चारशे. पाच सहाशे.

नाकवालीला आनंद व्हायचा, आणि तो आनंद खुपायचाही. आपलं लेकरू दुसऱ्याच्या हातानं वाढतंय, हे कुठल्या आईला गोड लागतं? ती बोलायची नाही, पण आत्याच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढायची. नखं दाखवा. फाटकापाशी कशाला उभ्या होतात? शेजारची शिंपीण कुंपणावरून काय बोलत होती? आत्या नखं दाखवायची. पण दाखवताना हात जरा जास्तच पुढं करायची.

अशात एक दिवस नर्सबाई कर्णा लावलेल्या गाडीतून गावभर सांगत फिरली: ताप यायच्या आधीसुद्धा वास जातो, वास आला नाही की लगेच कळवा. नाकवाली दारात उभी राहून ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या डोक्यात जे आलं, ते दुसऱ्या कुणाच्याच डोक्यात आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाच्या आत आत्याची परीक्षा सुरू झाली. ओट्यावर दोन कप. एकात फ्रीजमधलं ताजं दूध, आदल्या संध्याकाळी डेअरीतून आणलेलं. दुसऱ्यात आदल्या सकाळचं, रात्रभर खिडकीत उघडं ठेवून आंबवलेलं. आत्यानं डोळ्यांना रुमाल बांधून बसायचं आणि कुठलं ताजं, कुठलं आंबलेलं ते सांगायचं. बरोबर सांगितलं तरच पोरीला हात लावायचा.

पहिल्या दिवशी आत्या हसली. "शाळेचं तोंड नाही बघितलं जन्मात, आणि आता रोज परीक्षा! नापास झाले तर काय, वर्गाबाहेर उभी करणार का?"

चौथ्या दिवशी ती हसली नाही. दहाव्या दिवशी रुमाल बांधताना म्हणाली, "तुझी कोण घेतं गं परीक्षा?"

"मी दिवसाला दोनशे कॅन हुंगते आत्या. माझी परीक्षा रोजच असते."

"हो बाई," आत्या म्हणाली, "तुझं नाक ते नाक. आमची नुसती भोकं."

त्या रविवारी काटा पाच किलो आठशेवर थांबला. नवऱ्यानं शेडच्या दारात उडीच मारली. दोनशे ग्रॅम राहिले होते. आत्या म्हणाली, "दोन आठवडे द्या मला." नाकवालीनं आत जाऊन, कुणी बघत नाही असं पाहून, डोळे पुसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला वाटलं की ही पोर जगणार.

शुक्रवारी संध्याकाळी तिचं अंग मोडून आलं होतं. उन्हाळा असा पेटलेला, की रुळांना हात लावला तर चटका बसे. दिवसभर वाकून कंबर धरली असेल, तिला वाटलं. दूध घेऊन आलेली माणसं घामानं निथळत समोर उभी राहत होती, मास्क गळ्यात, एकमेकांशी भांडत. ती झाकण उचलत होती आणि म्हणत होती, "घे. घे. घे." शेवटचं कॅन गेलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आज एकही परत पाठवलं नाही. एवढ्या उकाड्यात एकही नाही! सुधारले लोक, तिच्या मनात आलं. मग शेवटच्या कॅनमधून तिनं नेहमीसारखं छटाकसाठी किटलीभर दूध घेतलं आणि घरी आली.

शनिवारी सकाळी आत्यानं रुमाल बांधला. पहिला कप हुंगला, खाली ठेवला. दुसरा हुंगला. मग पुन्हा पहिला.

"आंबलीत," ती म्हणाली.

"कुठलं?"

"दोन्ही."

"नीट घ्या वास."

"घेतला की. हे जास्त आंबलंय, हे जरा कमी. पण दोन्ही आंबलीत. हे पोरीला देऊ नकोस हां."

नाकवालीनं ताजा कप उचलून नाकाशी नेला. काहीच नाही. पाण्यासारखा स्वच्छ. ताज्या दुधाला वास असतोच किती? खिडकीतल्या कपाला तिनं नाक लावलंच नाही. लावायची गरज काय होती? तो आंबलेलाच होता, तिनंच आंबवला होता.

तिनं झटक्यानं पाळणा आपल्याकडे ओढला. "आत्या, तुमचं नाक गेलंय."

आत्यानं रुमाल काढला. "काय?"

"हे दूध मी काल स्वतः आणलंय. स्वतः वास घेऊन. कुठं गेला होतात तुम्ही?"

"मी? अगं, फाटक कुठल्या बाजूला उघडतं तेसुद्धा विसरले मी."

"दुकानात गेला होतात. तपकीर आणायला. मी कामावर असताना. खरं सांगा!"

"सूनबाई, शुद्धीवर ये."

"डबी दाखवा."

आत्यानं डबी काढून दिली. नाकवालीनं झाकण उघडलं, डबी उलटी करून ओट्यावर आपटली. कणभरही पडलं नाही. डबी रिकामी होती, नुसता तळाला तांबूस डाग. पण संशय एकदा डोक्यात शिरला की रिकामी डबीही पुरते. "पुसून ठेवलीत," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "माझ्या पोरीचे दोनशे ग्रॅम राहिले होते हो! दोनशे ग्रॅम! तुम्हाला तेवढा दम निघाला नाही? व्हा बाहेर! आत्ताच्या आत्ता! नाक गेलेली बाई माझ्या लेकराला दूध पाजणार!"

शेवटचं वाक्य ती अंगणात येऊन ओरडली. पलीकडे शिंपीण पायरीवर बसून मास्क शिवत होती. तिचं मशीन थांबलं.

आत्यानं भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. गाठोडं बांधलं, चपला घातल्या. फाटकाकडे जाता जाता खिडकीपाशी थांबली, पण गजांना हात लावला नाही.

"नऊ वाजता औषध आहे. जिभेवर नको देऊस, गालात सोड. जिभेवर दिलं की थुंकते."

मग ती गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा फाटक ओलांडून.

नाकवालीनं सुपरवायझरला फोन केला, आज येता येणार नाही म्हणून सांगितलं, त्याचं बोलणं ऐकून घेतलं. पोरगी जागी झाली आणि तिनं सगळीकडे मान फिरवून आत्याला शोधलं. मग रडायला लागली. ओठ जांभळे व्हायला लागले, तसं नाकवालीनं तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं. गालाला गाल लावला, मुके घेतले, तिच्या तोंडावर फुंकर घालत येरझारा घातल्या. "आहे गं, आई आहे, आईच आहे." नऊला औषध दिलं ते घाईत जिभेवर दिलं. पोरीनं थुंकलं. पुन्हा दिलं. चार तास ती पोरीला उरापासून वेगळं करत नव्हती. सगळ्या जगातली एकच सुरक्षित जागा म्हणजे आपलं ऊर, अशी तिची खात्री होती.

दहाला सुपरवायझरचा फोन आला.

"काल संध्याकाळी वास कुणी घेतला?"

"मीच घेतला साहेब."

"अख्खी टाकी नासलीय. सकाळी झाकण उघडलं तर उभं राहवेना. एक नाही, चार-पाच कॅन खराब असणार. झोपला होतात का?"

"शक्यच नाही," ती म्हणाली. "टाकी धुतली नसेल तुमच्या माणसांनी. माझं नाक असं चुकत नाही."

"मग काय माझं चुकलं?" त्यानं फोन आपटला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं! बारा वर्षांत एक कॅन चुकलं नव्हतं, आणि हा झोपलात का विचारतो!

अकराला नवरा गाडी लावून फाटकाशी आला. आत आला नाही, कुंपणापलीकडेच उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"आत्याला शाळेत नेऊन ठेवलंय," तो म्हणाला. "शिंपिणीनं नर्सबाईला फोन केला. त्याआधी ती मुलाकडे गेली होती, त्यानं दारच उघडलं नाही. खिडकीतून पाणीसुद्धा दिलं नाही म्हणे."

शाळेचं आजारघर झालं होतं. ज्यांना झालंय ते आणि ज्यांचा संशय आहे ते, सगळे तिथंच.

"बरंच झालं," ती म्हणाली. "वेळेवर कळलं म्हणायचं."

"पण झालं काय नेमकं? वास आला नाही तिला?"

"दोन्ही कप आंबलेत म्हणाली. एक ताजं होतं, मी स्वतः बघितलं."

नवरा सावकाश विचार करणारा माणूस. बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "अगं... पण ज्याला वासच येत नाही, त्याला दोन्ही चांगली वाटतील ना? आंबलेलीसुद्धा?"

"मला शिकवू नका तुम्ही!"

ती तरातरा आत गेली. छटाक कडेवर. एका हातानं फ्रीजमधून किटली काढली, पातेल्यात दूध ओतलं, गॅस पेटवला आणि समोर उभी राहिली. दूध तापलं. कडेनं बुडबुडे आले. मग मधोमध चीर पडली, आणि बघता बघता पातेल्यात पिवळट पाणी वेगळं, गुठळ्या वेगळ्या.

तिनं खिडकीतला कप उचलला. काल सकाळचं दूध, रात्रभर उकाड्यात राहिलेलं. त्यात नाक घातलं. पाणी. नुसतं पाणी. मोरीजवळची फिनेलची बाटली उघडून हुंगली. कांदा फोडून हुंगला, डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. मग तिनं ते केलं जे करायची तिला हिंमत होत नव्हती. पोरीच्या टाळूवर नाक टेकवलं. तिथं दूध, तेल आणि झोप यांचा एक वास असायचा, तो ती हजार पोरांतून ओळखायची. तिनं श्वास आत ओढला. पोरीचे केस नाकाला गुदगुल्या करत होते, एवढंच कळलं.

चार तास. चार तास तिनं पोरीला तोंडाशी धरलं होतं.

तिनं छटाकला पाळण्यात ठेवलं आणि मागे मागे सरकत भिंतीला टेकली. पोरगी हात वर करून रडायला लागली. आई हलली नाही. "अहो!" ती ओरडली. "अहो, आत्याला आणा! आत्ताच्या आत्ता घेऊन या!"

नवरा शाळेच्या फाटकापर्यंत धावत गेला. नर्सबाईनं आतूनच उत्तर दिलं.

"आत घेतलेलं माणूस चौदा दिवस बाहेर सोडता येत नाही."

"पण ती बरी आहे हो! तिला काही झालेलंच नाही!"

"तुमच्याच घरातून ओरडून सांगितलं ना, नाक गेलंय म्हणून? सकाळपासून त्या पंचवीस माणसांत बसल्यात. आता त्या तुमच्या लेकराजवळ गेलेल्या चालतील का तुम्हाला?"

तो परत आला, नळाखाली कपड्यांसकट बसला, आणि दोन महिन्यांनी ओल्या अंगानं घरात शिरला. त्याला पोर धरताच येत नव्हती. बायको अंगणातून सांगत होती, मान धरा, मान. मग नर्सबाईची गाडी आली. गाडीत चढताना तिनं खिडकीकडे पाहिलं. आता ती बाहेर होती आणि गजांच्या आत बाप.

शाळेतल्या बायकांच्या खोलीत बाकं बाहेर काढून जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या. आत्याची गादी कोपऱ्यातल्या खिडकीखाली, सगळ्यांपासून ओढून लांब नेलेली. तोंडाला दुहेरी फडकं. नाकवाली दारात दिसली तशी आत्या उठून बसली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर नाकवालीनं आनंदानं खाल्ल्या असत्या.

"आत्या, मला—"

"लांबूनच बोल," आत्या म्हणाली. "मी अजून बरी आहे. मला चौदाव्या दिवशी पोरीकडे जायचंय."

त्यानंतर आठ दिवस त्या दोघींमध्ये चार गाद्यांचं अंतर होतं. नाकवालीला ताप आला, उतरला, खोकला राहिला. आत्या कुणाशी बोलायची नाही, कुणाच्या भांड्याला हात लावायची नाही, सगळा दिवस खिडकीच्या गजांना तोंड लावून बाहेरची हवा घ्यायची. सकाळी उठल्या उठल्या फडकं खाली करायची, कनवटीची डबी काढायची, झाकण उघडून हुंगायची आणि स्वतःशीच म्हणायची, "आहे." मग बोटं मोजायची. नाकवाली आपल्या गादीवर पडून त्या एका शब्दाची वाट बघायची. तो ऐकला की तिला दिवस काढायला बळ यायचं.

रोज दुपारी नवरा कुंपणाशी यायचा. मागे, झाडाखाली, छटाक झोळीत. जवळ आणायची परवानगी नव्हती. तो सगळं आत्यालाच विचारायचा.

"पीत नाही गं आत्या. तोंड फिरवते."

"घाई करत असशील. चार घोट, मग खांद्यावर. आणि बडबड काहीतरी. गप्प बसून पाजलं तर तिला करमत नाही."

"मला काय येतंय बडबडायला?"

"मग कॅन मोज तिच्यापुढं. काहीही मोज, पण बोल."

नाकवाली मागच्या खिडकीतून ऐकत असायची. तिला कुणी काही विचारायचं नाही.

नवव्या दिवशी रविवार होता. नवरा आला तो झाडाखालची झोळीच सारखी करत बसला. आत्यानंच विचारलं, "किती?"

"पाच चारशे."

खोलीत कुणीतरी खोकलं. नवरा खाली बघत म्हणाला, "ताप नाही तिला अजून. पण रात्रभर कण्हते. दवाखान्यात फोन केला होता. म्हणाले, वजन उतरतंय तर तारखेचं आता बोलूच नका. आणि डेअरीतून चिठ्ठी आलीय. तिच्या जागी दुसरी घेतली."

कार्डाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

"पाचच दिवस राहिलेत," आत्या म्हणाली. "मी आले की बघ. उतरलेलं चढवता येतं. तू फक्त पाच दिवस तिला तग धरायला लाव. ऐकतोयस ना?"

"हो," तो म्हणाला. मागे झोळीतून बारीकसा आवाज आला, तसा तो धावत गेला.

दहाव्या दिवशी सकाळी नाकवाली नेहमीसारखी जागी होऊन पडून राहिली, कान कोपऱ्याकडे. आत्या उठली. डबीचं झाकण टक्कन उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

तिनं मान वळवून पाहिलं. आत्या डबी नाकाला लावून बसली होती. तिनं डबी खाली घेतली, अंगावरच्या कपड्यानं नाक पुसलं, पुन्हा लावली. नखानं तळ खरवडला, ते नख नाकाशी नेलं. मग डबीत तोंड खुपसल्यासारखं करून जोरात श्वास ओढला. गजांतून येणारं ऊन तिच्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं.

बऱ्याच वेळानं ती उठली. चार गाद्या ओलांडून नाकवालीच्या गादीशी आली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"डबीतला वास उडाला गं बहुतेक," ती म्हणाली. "दोन महिने झाले ना रिकामी होऊन. पत्रा तरी किती दिवस धरून ठेवणार?" तिनं डबी पुढं केली. "बघ बरं तू. तुला कळेल."

नाकवाली उठून बसली. तिनं डबी दोन्ही हातांत घेतली, वाकली, आणि बारा वर्षं कॅनवर घेतला तसा एक लांब श्वास घेतला. आत्या तिच्या तोंडाकडे बघत होती, डोळे पुसायचंही भान नसलेली.

"हो आत्या," नाकवाली म्हणाली. "उडालाय. डबीच जुनी झालीय."

"तेच म्हटलं," आत्या म्हणाली.

पण ती आपल्या कोपऱ्यात परत गेली नाही. तिथंच, नाकवालीच्या गादीवर, तिला खेटून बसली.